परिचय पुस्तिकेतला व्हेरिएबल

३ नोव्हेंबर

अकोल्याहून धर्मेंद्र मामाचा फोन. समाजाचा उपवर-वधू परिचय मेळावा डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी. पुस्तिका मी करायची. मागच्या साली एका डीटीपीवाल्याला दिली होती, त्यानं एका पोराच्या नावावर दुसऱ्याचाच फोटो लावला. स्थळं आली ती फोटो पाहून, आणि पोराला पाहून परत गेली. मामा म्हणे, तू कॉम्प्युटरमधला माणूस, तुह्या हातून असं होत नाही. मामाला माणसाची पारख आहे.

काम सोपं. सगळ्यांची माहिती एक्सएमएल फाइलमध्ये घ्यायची, तिला एक एक्सएसएलटी स्टाइलशीट लावायची, की तयार पानं बाहेर. सोऱ्यात पीठ, खाली शेव. ऑफिसात आम्ही प्रकाशकांच्या पुस्तकांचं दिवसभर हेच करतो. म्हणजे स्टाइलशीट पौर्णिमा मॅडम लिहितात आणि मी रन करतो. पण पाहून पाहून येतंच की.

दुसरा संकल्प: या महिन्यात आईला अमरावतीला आणायचंच. बाबा गेल्यापासून ती अकोल्याला आकांक्षाजवळ आहे. लहान बहीण भाड्याच्या दोन खोल्यांत आईला सांभाळते आणि मोठा पोरगा इथं फ्लॅट घेऊन बसलाय. बरं दिसत नाही. अडचण फक्त आतल्या खोलीची. तिथं माझं टेबल आहे. शिवाय बायकोला, शालूला, चालेल की नाही तेही पाहावं लागेल.

९ नोव्हेंबर, रविवार

शालूला चालतं. म्हणाली, दिवाळीपासून मीच विचारून राहिली, तुम्हीच विषय बदलता. मी विषय बदलला.

स्टाइलशीट सुरू केली. नमुन्याला कोणीतरी लागतं म्हणून फाइलमध्ये सगळ्यात वर आकांक्षालाच बसवलं. तिनं फॉर्म भरलाच होता. जन्मतारीख, उंची, शिक्षण डीएमएलटी, नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये. पान काय देखणं आलं! स्वतःवरच खूश झालो. मग शेवटची ओळ वाचली. अपेक्षा: लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. आई माझ्याजवळच राहील.

परत वाचली. चहा गार झाला.

१० नोव्हेंबर

झोप नीट नाही. नोकरीचं ठीक आहे, पण आई माझ्याजवळच राहील म्हणजे काय? हे सगळा समाज वाचणार. मेळाव्यात लोक पेन घेऊन बसतात, खुणा करतात, पानं दुमडतात, घरी नेऊन शेजाऱ्यांना दाखवतात. पहिला सवाल काय येईल? या पोरीले भाऊ नाही का? आणि पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर भाऊ. संपादन व संगणकीय मांडणी, फोटोसहित.

काळजी माझी नाही, आकांक्षाची आहे. असल्या अटीनं चांगली स्थळं पळतात.

१२ नोव्हेंबर

आकांक्षाला फोन केला. म्हटलं, ती ओळ जरा सौम्य करू, अनुरूप स्थळ असं लिहू, सगळे तेच लिहितात. ती म्हणाली, सगळ्यांच्या आया सगळ्यांजवळ आहेत. ओळ राहील. मग म्हणाली, दादा, तुला त्या ओळीत काय टोचून राहिलं?

काही नाही म्हटलं. रेंज गेली असं सांगून ठेवून दिला.

१५ नोव्हेंबर

मार्ग सापडला. मूळ माहितीला हात लावता येत नाही. ती मामाच्या ऑनलाइन शीटमध्ये आहे, माझी फाइल दर वेळी तिथूनच नव्यानं भरते आणि कोणी काय बदललं ते तिथं नावानिशी दिसतं. आकांक्षा तर रोज उघडून पाहते. पण स्टाइलशीट कोण पाहणार? समाजात एक्सएसएलटी मलाच येतं.

व्हेरिएबल म्हणजे एक डबा. ज्याची पाळी त्याची अपेक्षा डब्यात घ्यायची, पानावर ओतायची. मधे फक्त एक अट टाकायची, की आकांक्षाची पाळी आली तर डब्यात अनुरूप स्थळ भर. छापून आल्यावर म्हणू, मशीनची चूक. मशीनला कोण रागावतं?

हे तिच्या भल्यासाठीच आहे. मोठा भाऊ आहे मी.

१६ नोव्हेंबर, रविवार

टेबल हलवणार होतो. पण हे काम चालू असताना टेबल हलवलं तर कामाची लिंक तुटते. शालू म्हणाली, टेबल हॉलमध्ये ठेवा, मी आणि पोरगी टीव्ही कमी पाहू. तिला टेक्निकल गोष्टी समजत नाहीत.

आईला फोन केला. गुडघा दुखतो म्हणे. म्हटलं, इथं चांगले डॉक्टर आहेत, पुढच्या महिन्यात पाहू.

१८ नोव्हेंबर

डबा काही बदलत नाही. अट टाकली, अटीच्या आत त्याच नावाचा व्हेरिएबल पुन्हा लिहिला. एरर आला, या नावाचा व्हेरिएबल इथं आधीच आहे. अरे बाबा, आहे म्हणूनच तर बदलून राहिलो! याचं नाव व्हेरिएबल ठेवणाऱ्याला बदनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर एक दुपार बसवलं पाहिजे, मे महिन्यात.

१९ नोव्हेंबर

पौर्णिमा मॅडमना विचारलं. माझ्या एका मित्राला अडचण आहे असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मित्राला सांगा, एक्सएसएलटीत डबा एकदा भरला की भरला, पुन्हा भरता येत नाही. अटीच्या आत जो बनवला तो अटीबरोबरच संपतो, बाहेर त्याला कोणी ओळखत नाही. अटीत डबा घालू नका, डब्यात अट घाला. मग म्हणाल्या, पण मित्राला एकाच माणसापुरती माहिती बदलायची काहून आहे?

म्हटलं, लग्नाचा मामला आहे. त्या म्हणाल्या, मग तर बदलूच नये.

पुढचं समजावून सांगत होत्या, कागदावर लिहून देते म्हणाल्या. मला तिथून निघायची घाई झाली. मतलब समजला होता.

२३ नोव्हेंबर, रविवार

मतलब समजला नव्हता.

३० नोव्हेंबर, रविवार

झालं! झालं! झालं!

आधीच आहे, आधीच आहे करत होता ना? तर आधीचा व्हेरिएबल प्रत्येकाच्या पानातून उचलला आणि फाइलच्या अगदी वर, सगळ्यांच्या डोक्यावर नेऊन ठेवला. एरर गायब. फक्त वर नेल्यावर अपेक्षेची जागा रिकामी यायला लागली. नेटवर एकानं लिहिलं होतं, माहिती कुठून घ्यायची त्या पत्त्याआधी दोन तिरप्या रेघा द्या, फाइलमध्ये जिथं असेल तिथून शोधून आणतो. दिल्या. लगेच जागा भरली. खाली आकांक्षाची अट तशीच ठेवली. एक एरर नाही. एक वॉर्निंग नाही. मॅडम म्हणाल्या तशी डब्यात अट न घालता!

ऑफिसात उगीच बटण दाबायला ठेवलंय मला.

७ डिसेंबर, रविवार

सगळी माहिती आली. पुस्तिका चालवली. आपल्याकडे पोट्ट्यांची पानं आधी, पोरींची मागे. पोट्ट्यांची तपासत बसलो. नाव बरोबर, उंची बरोबर, फोटो ज्याचा त्याला. आणि अपेक्षा! अंजनगावचा अंकुर म्हणतो, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही, आई माझ्याजवळच राहील. दर्यापूरचा शिवमही तेच. पुढचाही तेच. काय पोरं आहेत! लोक उगाच म्हणतात नवी पिढी बिघडली. एका पोराची शेती आहे, तोही नोकरी सोडणार नाही म्हणतो. असेल पार्ट टाइम काही.

वाचता वाचता जरा अस्वस्थ झालो. समाजातल्या एकूण एक पोराला आई जवळ पाहिजे. एकालाही टेबलाची अडचण नाही.

पोरींची पानं राहिली. त्यात आकांक्षाचं आहे. उघडायला माऊस नेला आणि हात मागे आला. अनुरूप स्थळ असं तिच्या फोटोखाली पाहवलं नसतं. शालूनं गिला वडा आणला होता. तो खाल्ला आणि फाइल प्रेसला पाठवून दिली. एरर नाही म्हणजे नाही.

१४ डिसेंबर, रविवार

शालूनं आतली खोली झाडून काढली. माझं टेबल भिंतीला लावलं तर पलंग बसतो म्हणे, टेप घेऊन मापूनच दाखवलं. मी म्हटलं, मेळावा होऊ दे. ती म्हणाली, मेळाव्याचा आणि पलंगाचा काय संबंध?

सगळ्या गोष्टींचा संबंध लगेच दिसत नसतो.

२१ डिसेंबर, रविवार

आकांक्षाचा फोन. मोठ्या लाडात होती. म्हणाली, दादा, तू एवढी मेहनत घेऊन राहिला, मी त्या दिवशी टाकून बोलली, मनावर घेऊ नको. आणि ओळ ठेवली ना रे? मी म्हटलं, ठेवली.

फोन ठेवल्यावर स्वतःला म्हटलं, एका ओळीनं काय होते? पण प्रेसला फोन करून एक पान बदलता येईल का विचारावं असं मनात आलं. नंबर काढला. प्रेसवाले रविवारी उचलत नाहीत. मी लावून पाहिला नाही, पण उचलत नाहीतच.

२८ डिसेंबर, सकाळी, अकोला

मंगल कार्यालयात आलो. शालू, पोरगी, आई, आकांक्षा सगळे. पुस्तिकांचे गठ्ठे दारातच. मुखपृष्ठ झकास. मामानं पाठ थोपटली. आतलं मी पाहिलं नाही. आकांक्षा चहाच्या रांगेत आहे, तिच्या हातात अजून पुस्तिका नाही. माझ्या जिवात जीव नाही. संडासाजवळच्या खुर्चीवर बसून हे मोबाइलमध्ये लिहून राहिलो.

२८ डिसेंबर, दुपारी

देवा.

पोट्ट्यांचा परिचय झाला, सगळं गोड. बायाबापड्या पुस्तिका वाचून माना डोलवत होत्या, पोरं माऊलीची सेवा करणारी आहेत म्हणून. मग पोरींचा परिचय सुरू झाला, लोकांनी पानं उलटली आणि हॉलमध्ये कुजबुज उठली. दर्यापूरचे एक गृहस्थ उभे राहिले, म्हणाले, या पोरी युनियन करून आल्या काय? पहिल्या पोरीच्या पानावर नोकरी सोडणार नाही, आई माझ्याजवळच राहील. दुसरीच्या तेच. सगळ्यांच्या तेच! ज्या ओळीला पोट्ट्यांच्या पानावर माना डोलल्या, तीच ओळ पोरींच्या पानावर आली तर लोक खुर्च्या सरकवायला लागले.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. वर नेऊन ठेवलेला डबा. फाइलभर शोधायला सांगितलं तर त्यानं पहिली सापडली ती अपेक्षा उचलली आणि सगळ्यांच्या पानावर ओतली. पहिली म्हणजे आकांक्षाची. मीच तिला वर बसवलं होतं. आणि खालची माझी अट तिथल्या तिथं मेली, मॅडम म्हणाल्या तशी.

जी एक ओळ एका पानावरून पुसायची होती, ती मी पुस्तकभर छापली.

मामा धावत आला, काय करून ठेवलं बे हे, सगळ्यांच्या तोंडी एकच? मी म्हटलं, प्रेसवाल्यानं केलं.

२८ डिसेंबर, संध्याकाळी, बसमध्ये

पुढचंही लिहितो, नाहीतर उद्या मला वेगळंच आठवेल.

माइकवर एक पोरगी आली. म्हणाली, अपेक्षेत मी हे लिहिलं नव्हतं, पण आता छापून आलंच आहे तर राहू द्या. पोरींच्या बाजूनं टाळ्या पडल्या. त्यानंतर एकीनंही दुरुस्ती केली नाही. नत्थुजी गुरुजी अध्यक्ष होते, त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, पोरगा असो की पोरगी, आईबद्दलची अट एकच असावी, हे ज्यानं कोणी ठरवून छापलं त्यानं समाजाचे डोळे उघडले. हे कोणाचं काम आहे? मामा माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, माझं.

शाल, नारळ. नाही म्हणणं उद्धटपणा झाला असता.

खाली उतरलो तर भावना नावाची एक बाई पुस्तिका घेऊन उभी. शांतपणे म्हणाली, दादा, माझ्या अपेक्षेत एवढंच होतं की माझी पाच वर्षांची पोरगी सोबत येईल. घटस्फोटाचं वर लिहिलं आहे, पोरीचं अपेक्षेतच होतं. आता जो विचारायला येतो त्याला मला तोंडानं सांगावं लागते आणि लोक म्हणतात, आधी काहून नाही सांगितलं, लपवलं का? मी म्हटलं, प्रेसवाल्यानं केलं. तिच्या पोरीनं माझ्या हातातल्या नारळाला हात लावून पाहिला. नारळ देऊन टाकला. त्यानं काही भरून निघालं नाही.

आकांक्षाला एकटीला गाठून टेक्निकल समजावून सांगितलं, व्हेरिएबल वर गेल्यामुळे असं होते. ती म्हणाली, आमच्या लॅबमध्ये एकाचा रिपोर्ट सगळ्यांना गेला तर आम्हाला कोणी शाल देत नाही. मग विचारलं, तो वर न्यायची गरज काहून पडली? मी शालीची घडी नीट करायला लागलो. ती समजली असावी. तिचं तोंड उतरलं तसं माझंही उतरलं.

आणि आई. कोपऱ्यात चष्मा लावून एकेक पान वाचत बसली होती. मी गेलो तर माझा हात धरून म्हणाली, बाबू, हे तूनं छापलं? पानोपानी? मी हो म्हटलं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, मले वाटलं होतं, तुले आठवण नाही होत.

शालू शेजारच्या सीटवर झोपली आहे. मला मूर्तिजापूर कधी गेलं समजलं नाही.

२९ डिसेंबर

आता बस्स. आईला आणायचं. शाल अंगावर घेतली आहे, निदान तिच्या लायक तरी व्हायला पाहिजे. उठल्याबरोबर टेबल हलवलं. भिंतीला लागलं. पलंग बसला. इतकं सोपं होतं.

भावनाबाईंची ओळ मामाकडून घेतली आणि दुरुस्तीपत्रक काढायचं म्हटलं, सगळ्यांच्या खऱ्या अपेक्षांसहित. पौर्णिमा मॅडमना खरं सांगितलं. त्या खूप बोलल्या. मग स्टाइलशीट त्यांनीच नीट केली. मी रन केलं.

११ जानेवारी, रविवार

मामाचा फोन. मूर्तिजापूरच्या गोपालच्या घरचे आकांक्षासाठी येऊन गेले. पोरगा पंचायत समितीत आहे, घरी तो आणि त्याची आई माणिकबाई. त्यांनी ती ओळ वाचली, दुरुस्तीपत्रकही वाचलं, आणि तरी आले. माणिकबाई म्हणे, दोघी म्हाताऱ्या मिळून पापड लाटू, पोरं जातील कामावर. आकांक्षाला पोरगा पसंत आहे.

आनंद झाला. खरंच झाला. पण मग आई मूर्तिजापूरला जाणार? पोरीच्या सासरी? आणि मी? नाही, नाही. येत्या रविवारी अकोल्याला जायचं आणि आईला सरळ म्हणायचं, चल. मी तुझा पोरगा आहे, माझ्या घरी चल. वाक्य पाठ केलं.

१८ जानेवारी, रविवार, रात्री

सकाळच्या बसनं गेलो. बसभर वाक्य म्हणत होतो. शालूनं पलंगावर नवी चादर घालून ठेवली होती, जाताना दाखवली.

घरात लगबग होती. आकांक्षा हसत होती, मला मागचं काही बोलली नाही, पुढ्यात तिळाचे लाडू ठेवले. आई माणिकबाईंचंच सांगत होती, त्यांच्या अंगणात कढीपत्ता आहे, त्यांचाही गुडघा दुखतो, दोघी एकाच डॉक्टरकडे जाऊ. मी लाडू खात होतो. वाक्य जिभेवर होतं. आधी वाटलं, चहा होऊ दे. मग वाटलं, आकांक्षा बाजूला होऊ दे. मग आकांक्षा दुकानात गेली. आम्ही दोघंच होतो. मी आईला विचारलं, नळाला पाणी रोज येते का?

निघालो. आई दारापर्यंत आली. अनवाणीच उभी राहिली. म्हणाली, काही म्हणायचं होतं का रे? म्हटलं, थंडी आहे, स्वेटर घालत जा.

रस्त्यावर आलो आणि खरं लिहायचं तर हलकं वाटलं. हलकं वाटलं याचीच लाज वाटली. बसस्टँडपर्यंत दोनदा मागे वळलो, पण चालत राहिलो.

घरी शालू दारातच. काय म्हणाल्या आई? मी म्हटलं, विचारलं. नाही म्हणाली.

शालूचा विश्वास बसला नाही. माझ्यासमोरच तिनं फोन लावला, स्पीकरवर. म्हणाली, आई, हे एवढे घ्यायला आले, मी खोली करून ठेवली, आणि तुम्ही काहून नाही म्हटलं?

मला वाटलं, आता संपलं.

मग आई म्हणाली, होव बाई, इचारलं त्यानं. लय इचारलं. म्याच नाई म्हटलं.